चहा पोचला का?

१७७६च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्रजांचं राज्य झुगारल्याचं जाहीर केलं. त्यात जॉन ॲडम्सचा वाटा मोठा. पण सप्टेंबरात हा गृहस्थ वसाहतींच्या काँग्रेससाठी फिलाडेल्फियात बसून भलत्याच कारणाने चरफडत होता. बायकोसाठी पाठवलेला चहा दुसरीच बाई पीत होती.

झालं असं. बायको अबिगेल चार मुलांना घेऊन बॉस्टनमध्ये देवी टोचून घ्यायला राहिली होती. तेव्हाचं टोचणं म्हणजे खऱ्या देवीचा पू कातडीत घालायचा, सौम्य देवी येतील अशी आशा करायची आणि मुलाच्या उशाशी बसून राहायचं. तिला जरा तरतरी यावी म्हणून जॉनने तो उतरला होता तिथल्या मालकीणबाईंना, मिसेस यार्डना, पौंडभर ग्रीन टी पाठवायला सांगितला. गावाकडे निघालेल्या एल्ब्रिज गेरी या त्याच्या काँग्रेसमधल्या सहकाऱ्याने डबा आनंदाने बरोबर नेला. (मतदारसंघांच्या वेड्यावाकड्या हद्दी आखण्याला पुढे ‘जेरीमँडरिंग’ म्हणू लागले, ते याच्याच नावावरून. हद्दी आणि पत्ते यांच्याशी त्याचं आधीपासूनच वाकडं असावं.) त्याने डबा मिसेस ॲडम्सना दिला खरा, पण सॅम्युएल ॲडम्सच्या मिसेसना! सॅम्युएल जॉनचा लांबचा चुलतभाऊ, आणि तोही पुढारी.

अबिगेल त्या बाईंकडे गेली, तर समोर उत्तम ग्रीन टी. तीनच वर्षांपूर्वी बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवल्या होत्या आणि आता चहाची टंचाई होती, म्हणून तिने विचारलं, कुठून मिळाला? उत्तर आलं, आमच्यांनी पाठवलाय, गेरींबरोबर. अबिगेल तिथे काही बोलली नाही. आपल्या आजारपणात आमच्यांनाही हे सुचायला हरकत नव्हती, एवढं मनात म्हणाली आणि पुढे तेच नवऱ्याला लिहून मोकळी झाली.

इकडे गेरी परतल्यावर जॉनला घोटाळा कळला. त्याने दुसरा डबा धाडला आणि बायकोला लिहिलं, की त्या बाईंना चिठ्ठी पाठव, डबा तुझ्यासाठी होता म्हणावं, पैसे माझ्या नावावर पडलेत. पौंडभर चहाला चाळीस शिलिंग! तिने कळवलं, उरलेला मागवून घेते, पण निम्मा संपला असेल, कारण फार सढळ हाताने वापरणं चाललं होतं. दुसऱ्याच्या घरी आपलाच चहा पिताना तिने चमच्यांचा हिशेबही ठेवला असणार.

या नवराबायकोची अकराशेवर पत्रं शिल्लक आहेत. त्यांत राज्यक्रांती वेगळी आणि संसार वेगळा असं काही नाही, सगळं एकाच कागदावर. १७७५च्या जूनमध्ये तिला टाचण्यांचं एक पुडकं हवं होतं. साडेसात शिलिंगांना मिळणारं वीसवर गेलं होतं आणि तरी मिळत नव्हतं. पुढच्या मार्चमध्ये तिनेच लिहिलं, नवे कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका. हे वाक्य आज जगभर उद्धृत होतं. जॉनचं उत्तर होतं, मला हसू आवरत नाही. इतका शहाणा माणूस, पण इथे पार फसला. टाचण्यांची टंचाई सोसून घर आणि शेत सांभाळणारी बाई सत्तेविषयी बोलते, तेव्हा तिला हिशेब ठाऊक असतो.

आपली पत्रं जाळून टाका, असंही ती त्याला सांगत असे. १७७६च्या एप्रिलमध्ये त्याने उत्तर दिलं की त्यासाठी आधी तुला विसरावं लागेल. (हसण्याची थोडीफार भरपाई इथे झाली म्हणायची.) मार्था वॉशिंग्टनबाईंनी मात्र नवऱ्याशी झालेला पत्रव्यवहार जवळजवळ सगळा जाळला. त्या घरात टाचण्या कोणी मागवल्या, चहा कुठे चुकला, काही कळायला मार्ग नाही. ॲडम्स मंडळींनी दुसरं टोक गाठलं. मुलगा जॉन क्विन्सी कागदांसाठी आगीपासून सुरक्षित इमारत बांधा असं मृत्युपत्रात सांगून गेला, नातू चार्ल्स फ्रान्सिसने १८४० साली आजीची पत्रं छापली आणि १८७०मध्ये क्विन्सी गावी दगडी ग्रंथालय उभं केलं. पुढे १९५६मध्ये कागद बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीला दिले गेले. त्यांची मायक्रोफिल्म केली, तर ६०८ रिळं भरली.

एवढ्या रिळांत या दोघांचा संसार मात्र सापडतो तो ते लांब असतानाचाच. तो फिलाडेल्फियात, पॅरिसमध्ये किंवा राजधानीत आणि ती घरी, असं असेल तर पानंच्या पानं. तो घरी आला की एकमेकांना लिहिणं बंद. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरून १८०१मध्ये तो कायमचा घरी परतला आणि १८१८मध्ये ती गेली. मधली सतरा वर्षं दोघं इतरांना भरपूर पत्रं लिहीत होती. आपसांतलं जे काही होतं, भांडणांसकट, ते तोंडी.