पिनेच्या गंजाने खाल्लेला आकडा

इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांच्या डिजिटल प्रती तयार करणे हे माझे काम आहे. गेल्या फेब्रुवारीत एका दात्याकडून आलेल्या खोक्यांमध्ये 'कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' या मासिकाचे सुरुवातीच्या वर्षांतले अंक होते. नोव्हेंबर १९८१ पासून निघू लागलेले हे ब्रिटिश मासिक म्हणजे संगणकावरच्या खेळांना वाहिलेल्या अगदी पहिल्या मासिकांपैकी एक. त्याची मुखपृष्ठे भडक रंगांची आणि लक्ष वेधून घेणारी असली, तरी त्या दिवशी मला जागेवरून हलू न देणारी पाने आतली होती, आणि ती साधी, काळ्या शाईत छापलेली होती.

ती पाने लिस्टिंगची होती. दुकानातून कॅसेट विकत घेण्याइतके पैसे ज्या मुलांच्या खिशात नसत, त्यांच्यासाठी अशा मासिकांत खेळाचा संपूर्ण प्रोग्रॅम ओळीमागून ओळ छापलेला असे. बहुतेक प्रोग्रॅम वाचकांनीच लिहून पाठवलेले असत. मासिक समोर उघडे ठेवायचे, 'बेसिक' या संगणकाच्या भाषेतली एकेक ओळ संगणकात टंकायची, एखादा स्वल्पविराम चुकला तर शोधून काढायचा आणि सगळे जमून आले की खेळायला बसायचे, असा तो क्रम होता. एकाच अंकात कमोडोर पेट, ॲपल, अटारी, झेडएक्स ८१ अशा वेगवेगळ्या यंत्रांसाठीच्या लिस्टिंग असत, कारण एका यंत्राचे बेसिक दुसऱ्याला जसेच्या तसे चालत नसे. एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आला. १६ के स्मृतीचे यंत्र १२५ पौंडांना आणि ४८ के स्मृतीचे १७५ पौंडांना मिळे. त्यानंतर स्पेक्ट्रमच्या लिस्टिंगही या मासिकांत नियमित दिसू लागल्या.

आमच्या प्रकल्पात असे ठरले आहे की लिस्टिंगचे पान नुसते चित्र म्हणून ठेवायचे नाही. त्यातला मजकूर टंकून, यंत्रावर चालवून पाहून, चालणाऱ्या स्वरूपात चित्राच्या जोडीला ठेवायचा. हा आग्रह मला पूर्णपणे पटतो. स्वरलिपी कपाटात जपून ठेवली पण ती कोणी गाऊन पाहिली नाही, तर तिच्यात काय होते हे कळत नाही. लिस्टिंगचेही तसेच आहे. अक्षर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा इथे फारसा उपयोग होत नाही, कारण अनेक लिस्टिंग छोट्या घरगुती प्रिंटरवरून काढलेल्या फिकट कागदाचा फोटो घेऊन छापलेल्या असत. त्यांत ८ आणि ६, अर्धविराम आणि अपूर्णविराम डोळ्यांनासुद्धा वेगळे करता येत नाहीत. म्हणून त्या हाताने टंकाव्या लागतात.

त्या सकाळी माझ्यासमोर १९८३ सालच्या एका अंकातली स्पेक्ट्रमची लिस्टिंग होती. खेळ त्या काळातला नेहमीचा, वरून रांगेने उतरणाऱ्या परग्रहवासीयांना खालून टिपण्याचा. अंक मधल्या घडीवर दोन पिना मारलेला, म्हणजे छापखान्यात ज्याला सेंटर पिनचा म्हणतात तसा होता. खोकी चाळीस वर्षे ओलसर माळ्यावर राहिल्यामुळे पिना गंजल्या होत्या आणि खालच्या पिनेपाशी गंजाने कागद खाऊन मसुराएवढे भोक पाडले होते. नेमके त्याच जागी, घडीला चिकटून छापलेल्या डेटाच्या ओळीत, एका आकड्याचा मधला अंक नाहीसा झाला होता. २ दिसत होते आणि ९ दिसत होते. मध्ये तपकिरी कडा असलेले भोक होते.

आधी मी बाकीची लिस्टिंग टंकून घेतली. प्रदर्शनासाठी ठेवलेला एक चालू स्थितीतला स्पेक्ट्रम आमच्या विभागात आहे, त्यावरच हे काम मी करतो. स्पेक्ट्रमवर 'प्रिंट' हा शब्द अक्षर-अक्षर लिहावा लागत नाही. पी हे बटण दाबले की अख्खा शब्द उमटतो, जी दाबले की 'गो टू', ओ दाबले की 'पोक'. 'डेटा'साठी मात्र दोन्ही शिफ्ट एकदम दाबून मग डी दाबावे लागते. ही बोटांची वळणे मला कोणी त्या ग्रंथालयात शिकवलेली नाहीत. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन १९८६ मध्ये भारतात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' आणला, तो पुण्यात आमच्या शेजाऱ्यांकडे होता, आणि कोणाकडून तरी मिळालेल्या विलायती मासिकाच्या झेरॉक्सवरून आम्ही दोघे-तिघे मुले सुट्टीत अशाच लिस्टिंग टंकत असू. एक जण मोठ्याने वाचायचा, दुसरा टंकायचा, तिसरा बोट ठेवून ओळ धरायचा. ते बटणांचे स्थान इतक्या वर्षांनी हाताला आपोआप सापडले, याचा मला त्या सकाळी फार आनंद झाला.

राहिलेल्या आकड्याच्या जागी मी सहज म्हणून २०९ घातले आणि प्रोग्रॅम चालवला. परग्रहवासी उतरू लागले, पण सगळ्यांचे उजवे डोळे फुटलेले होते. डाव्या बाजूला नीट एका घराचा, म्हणजे पडद्यावरच्या एका ठिपक्याचा डोळा, आणि उजवीकडे तीन घरांचे भगदाड. तेव्हा माझ्या लक्षात आले की आकडा भोकाबरोबर गेलेला असला तरी त्याचे शेजारी शाबूत आहेत आणि ते शेजारी बोलतात.

स्पेक्ट्रमवर आपल्या मनासारखे चित्र काढायचे तर आठ बाय आठ घरांचा चौकोन घ्यावा लागतो. प्रत्येक आडव्या ओळीतल्या घरांना डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा किमती असतात. जी घरे भरायची त्यांच्या किमतींची बेरीज म्हणजे त्या ओळीचा आकडा. आठ ओळींचे आठ आकडे डेटामध्ये लिहायचे आणि 'पोक'ने स्मृतीत ठेवायचे. माझ्या पानावर २४, ६०, १२६ हे पहिले तीन आकडे होते, चौथा फुटलेला, आणि पुढे २५५, ३६, ९०, १६५. मी ते चौकटीच्या कागदावर भरून पाहिले. २४ म्हणजे १६ आणि ८, मधली दोन घरे. ६० म्हणजे मधली चार, १२६ म्हणजे मधली सहा. २५५ म्हणजे संपूर्ण ओळ. ३६, ९० आणि १६५ मिळून खालचे पाय होतात. यातली प्रत्येक ओळ डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, सारखीच आहे. ज्याने हा प्राणी काढला त्याने तो आरशातल्यासारखा दोन्ही बाजूंनी सारखा काढला होता.

२ ने सुरू होऊन ९ ने संपणारे आणि २५५ च्या आत बसणारे तीन अंकी आकडे पाचच आहेत: २०९, २१९, २२९, २३९ आणि २४९. पाचही मी घरांत भरून पाहिले. त्यांपैकी दोन्ही बाजूंनी सारखी ओळ फक्त २१९ ची येते. १२८, ६४, १६, ८, २ आणि १, म्हणजे दोन घरे भरलेली, एक रिकामे, दोन भरलेली, एक रिकामे, दोन भरलेली. ती दोन रिकामी घरे म्हणजे डोळे. आकडा बदलून प्रोग्रॅम पुन्हा चालवला तेव्हा परग्रहवासीयांची रांग दोन्ही डोळ्यांनी बघत उतरली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या ग्रंथालयातून त्या अंकाची प्रत मागवून ताडून पाहिली, तिथेही २१९ च छापलेले आहे.

पण ही गोष्ट मी लिहायला घेतली ती या हिशेबासाठी नाही. दुपारी आमच्याकडची कागद-संवर्धक त्या भोकाची पाहणी करण्यासाठी आली. तिने खोलीतले दिवे मालवून पानावर एका बाजूने अगदी तिरपा उजेड टाकला, कारण समोरच्या उजेडात न दिसणाऱ्या सुरकुत्या आणि दाब तशा उजेडात सावली धरतात. लिस्टिंगच्या प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला पेन्सिलीची बारीक बरोबरची खूण होती, शेवटच्या ओळीपर्यंत. ती मी सकाळी पाहिली होती, त्यात नवल नव्हते. परंतु पानाच्या खालच्या समासात, खोडरबराने पुसलेल्या जागी, पेन्सिलीच्या दाबाने उमटलेली एक चौकट उभी राहिली. आठ ओळींची आणि फक्त चार स्तंभांची. कोणी तरी प्राण्याची डावी बाजू तेवढी भरली होती. चौथ्या ओळीत दोन घरे भरलेली, एक रिकामे, एक भरलेले.

हा आकार दोन्हीकडे सारखा आहे, म्हणून अर्धाच काढला तरी पुरेल, हे त्या मुलाने किंवा मुलीने १९८३ साली ओळखले होते. मला जे कळायला पान फुटावे लागले, ते तिथे पान नवे कोरे असताना, केवळ कुतूहलापोटी, आकड्यांच्या आत शिरून पाहिलेले होते. अशा मासिकांनी एका पिढीला संगणक शिकवला हे विधान मी अनेकदा वाचले आहे आणि मला ते नेहमी जरा सैल वाटत आले आहे. त्या चार स्तंभांत मात्र शिकणे घडत असतानाची जागा माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी काही वेळ काहीच बोलू शकलो नाही.

मग आम्ही दोघांनी सकाळी काढलेला स्कॅन उघडून पाहिला. आमच्या यंत्रणेत पानाची पार्श्वभूमी आपोआप पांढरी करण्याची सोय चालू ठेवलेली असते, म्हणजे जुना कागद वाचायला सुसह्य होतो. त्या सोयीने चौकट तर सोडाच, ओळींसमोरच्या बरोबरच्या खुणाही पुसून टाकल्या होत्या. पान स्वच्छ, वाचनीय आणि कोणीही कधीच न हाताळल्यासारखे दिसत होते.

विभागप्रमुखांना बोलावून आम्ही दोन्ही दाखवले, पडद्यावरचे पान आणि तिरप्या उजेडातले पान. त्यांनी फार प्रश्न विचारले नाहीत. लिस्टिंगच्या पानांसाठी ती सोय बंद करण्याचे आणि पेन्सिलीचा माग असलेल्या प्रत्येक पानाचे तिरप्या उजेडातले दुसरे छायाचित्र घेण्याचे त्याच दिवशी ठरले. भोकाच्या जागी चित्रात काहीही भरायचे नाही. टंकलेल्या मजकुरात २१९ लिहायचे आणि ते कशावरून लिहिले याची टीप नोंदीत द्यायची, असेही ठरले. साडेचार वाजले होते. आधी स्कॅन करून हातावेगळे केलेले अकरा अंक मी खोक्यांतून पुन्हा बाहेर काढले आणि पहिल्याची मधली घडी उघडली.