तुम्ही विचारलंत म्हणून : सगळं ऐकायला मिळतं, मग विकत कशाला घ्यायचं?

जुनी ध्वनिमुद्रणं डिजिटल करून देणं हा माझा व्यवसाय. तो कळला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “आता सगळं स्ट्रीमिंगवर मिळतंय. गाणी डाउनलोड करणं आणि सीडी-रेकॉर्डची दुकानं, दोन्ही आता संपणारच ना?” विचारणारे बहुतेक जण मनापासून संगीत ऐकणारे असतात. त्यांच्या घरी कुठेतरी सीडींनी भरलेला एखादा खोका असतो आणि त्याचं काय करावं, हे त्यांना ठरवायचं असतं. म्हणून उत्तर नीट द्यावंसं वाटतं.

ऐकण्याची जागा स्ट्रीमिंगनं घेतली आहे आणि ती आता सुटणार नाही. मीही रोज ऐकते. कधी नावही न ऐकलेला वादक रात्री सापडतो आणि सकाळपर्यंत त्याचे चार अल्बम ऐकून होतात, हे सुख पूर्वी कोणाच्याच वाट्याला येत नव्हतं. पण जपून ठेवण्याची जागा स्ट्रीमिंग घेऊ शकत नाही, कारण ते त्यासाठी बनलेलंच नाही. दुकानं थोडी का होईना, टिकतील असं मला वाटतं. मला काळजी आहे ती डाउनलोडची, कारण त्याच्यासाठी कोणी हळहळत नाही.

आधी दुकानांबद्दल. ती स्ट्रीमिंगनं बंद पाडली असं सर्रास म्हटलं जातं, पण तारखा बघितल्या तर हिशेब जुळत नाही. टॉवर रेकॉर्ड्स ही १९६० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत सुरू झालेली साखळी. तिची अमेरिकेतली दुकानं २००६ च्या अखेरीस बंद झाली. स्पॉटिफाय ही आजची मोठी स्ट्रीमिंग सेवा सुरू झाली ऑक्टोबर २००८ मध्ये, तेही युरोपात; अमेरिकेत पोचायला तिला २०११ उजाडलं. टॉवरचा घात केला तो डोक्यावरच्या कर्जानं, सीडी स्वस्तात विकून गिऱ्हाईक खेचणाऱ्या मोठ्या सुपरस्टोअरांनी आणि १९९९ च्या नॅपस्टरपासून सुरू झालेल्या फुकट फाइलींच्या देवाणघेवाणीनं. त्यात एका आवडत्या गाण्यासाठी अख्ख्या सीडीचे पैसे मोजायला लावणाऱ्या कंपन्यांवर श्रोते आधीच चिडलेले होते. २००३ मध्ये अ‍ॅपलनं आयट्यून्स स्टोअर उघडून एक गाणं ९९ सेंटला सुटं विकायला सुरुवात केली आणि सीडीच्या धंद्याच्या मुळावरच घाव बसला.

तीच टॉवर रेकॉर्ड्स जपानमध्ये आजही चालू आहे. २००२ मध्ये तिथल्या व्यवस्थापनानं जपानची शाखा विकत घेऊन वेगळी केली होती, म्हणून मूळ कंपनी बुडाली तरी ती वाचली. टोकियोतलं तिचं शिबुयाचं दुकान कित्येक मजली आहे. लंडनमध्ये १९२१ साली ऑक्सफर्ड स्ट्रीटवर सुरू झालेलं एचएमव्ही हे रेकॉर्डचं दुकान २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१८ च्या अखेरीस दिवाळखोरीच्या दारात गेलं. कॅनडातल्या एका रेकॉर्ड-साखळीच्या मालकानं ते विकत घेतलं आणि २०२३ च्या नोव्हेंबरात ते ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या आपल्या जुन्या जागेत परत आलं. ही दुकानं पूर्वीसारखी नाहीत. पूर्वी लोक तिथं जायचे कारण गाणं दुसरीकडे कुठं मिळतच नसे. आता जे जातात ते गाणं आधीच ऐकून जातात.

आणखी एक योगायोग बघा. रेकॉर्ड स्टोअर डे हा स्वतंत्र दुकानांचा वार्षिक दिवस एप्रिल २००८ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी सहा महिन्यांनी स्पॉटिफाय आलं. तेव्हापासून स्ट्रीमिंग आणि रेकॉर्ड, म्हणजे आपली काळी तबकडी, दोन्ही बरोबरीनं वाढत गेले. अमेरिकेत २०२२ मध्ये रेकॉर्डचा खप सीडीपेक्षा जास्त झाला. १९८७ नंतर असं पहिल्यांदाच घडलं. जगभरातल्या ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल २०२४ मध्ये २९.६ अब्ज डॉलर होती. त्यातला ६९ टक्के वाटा स्ट्रीमिंगचा, साधारण सहावा हिस्सा सीडी-रेकॉर्डसारख्या वस्तूंचा. डाउनलोडच्या वाट्याला तीन टक्केही नाहीत. सर्वांत जुनी वस्तू टिकली आणि तिच्यापेक्षा कितीतरी नवी गोष्ट आधी गेली.

तरी रेकॉर्डच्या पुनरागमनावर मी फार भिस्त ठेवत नाही. तो सगळा डोलारा किती कमी खांबांवर उभा आहे, हे जवळून बघितलं की धास्ती वाटते. रेकॉर्ड बनते ती अशी : अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा, म्हणजे एका प्रकारच्या रोगणाचा, गुळगुळीत थर दिलेला असतो. कटिंग मशीनची तापवलेली सुई त्या थरात खाच कोरत जाते, आवाज जसा हलेल तशी खाच हलते. मग त्या चकतीवर चांदीचा पातळ मुलामा आणि निकेल चढवून साचे तयार करतात आणि त्या साच्यांतून रेकॉर्डी दाबून काढतात. ही लॅकरची चकती बनवणारे जगात उरलेच होते दोन : कॅलिफोर्नियातली अपोलो मास्टर्स आणि जपानमधली एक छोटी कंपनी. फेब्रुवारी २०२० मध्ये अपोलोचा कारखाना जळून खाक झाला. लॅकरऐवजी थेट तांब्यावर कोरण्याची पद्धतही आहे, म्हणून धंदा पुरता थांबला नाही. पण आपला सगळा ठेवा अशा एका साखळीच्या भरवशावर टाकावा असं मी कोणाला सांगणार नाही. शिवाय रेकॉर्ड महाग असते, जागा खाते, आणि सगळं संगीत काही रेकॉर्डवर निघत नाही.

म्हणून डाउनलोड. इथं एक गैरसमज आधी दूर करते. स्ट्रीमिंगच्या अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ असं बटण असतं, ते दाबलं म्हणजे गाणं आपलं झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. ती फाइल कुलूपबंद असते, त्या अ‍ॅपबाहेर वाजत नाही. स्पॉटिफायवर तर ३० दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं, नाहीतर ती वाजायची थांबते. वर्गणी संपली की विषय संपला. मी बोलते आहे ते विकत घेतलेल्या साध्या फाइलबद्दल, जी कुठल्याही यंत्रावर वाजते आणि जिची प्रत करता येते.

अशी फाइल मिळायलाही श्रोत्यांना वाट पाहावी लागली. सुरुवातीच्या काळात विकत घेतलेल्या गाण्यांनाही कुलूप असे आणि किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर. २००८ मध्ये याहू म्युझिकनं दुकान बंद करताना ते सर्व्हरही बंद करायचं ठरवलं. नवा संगणक घेतला तर पैसे मोजून घेतलेली गाणी वाजणार नाहीत, अशी वेळ आली. ओरड झाली तेव्हा ग्राहकांना भरपाई देऊ केली गेली. २००९ मध्ये आयट्यून्सनं गाण्यांवरची कुलपं काढली. सामान्य श्रोत्याला आता सहज अशी वस्तू मिळू लागली, जी घासली जात नाही, प्रत केली तरी उणी होत नाही आणि जिला कोणाची परवानगी लागत नाही. आणि त्यानंतर चार-पाच वर्षांतच तिचा खप उतरणीला लागला.

त्याचं मोल कधी कळतं, ते एका उदाहरणावरून सांगते. डी ला सोल हा अमेरिकेतला गाजलेला हिप-हॉप गट. त्यांचे सुरुवातीचे अल्बम दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांतले तुकडे जोडून बनवलेले होते. डिजिटल विक्रीसाठी त्या तुकड्यांच्या परवानग्यांचा गुंता सुटेना, म्हणून स्ट्रीमिंग ऐन भरात असताना हे अल्बम तिथं नव्हतेच. ते आले थेट मार्च २०२३ मध्ये. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१४ मध्ये, गटानं स्वतःच आपले अल्बम २५ तासांपुरते फुकट डाउनलोडला खुले केले. त्या दिवशी ज्यांनी ते उतरवून घेतले, त्यांच्याकडे पुढची नऊ वर्षं ते होते. बाकीच्यांनी जुनी सीडी किंवा रेकॉर्ड शोधायची.

याहून मोठं नुकसान मायस्पेस या संकेतस्थळावरचं. एके काळी नवे गायक-वादक आपलं काम तिथंच चढवत. २०१९ मध्ये कंपनीनं कबूल केलं, की सर्व्हर बदलताना सुमारे बारा वर्षांतल्या फाइली गेल्या. सुमारे ५ कोटी गाण्यांचा आकडा तेव्हा बातम्यांत आला. त्यांतली साधारण ४ लाख ९० हजार गाणी पुढे इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहात पुन्हा उपलब्ध झाली. ती वाचली ती एकाच कारणानं : संगीताचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधक गटानं २००८ ते २०१० या काळात ती डाउनलोड करून ठेवली होती.

एवढं मोठं काही घडायलाही लागत नाही. तुमच्या स्वतःच्या यादीत वर-खाली करून बघा, एखादं नाव राखाडी झालेलं सापडेल. त्यावर बोट ठेवलं तर काही होत नाही. कुठलातरी करार संपला, कंपनी विकली गेली, हक्कांवरून वाद झाला. कारण तुम्हाला कळवलं जात नाही. आणि माझ्या कामात तर याहून सूक्ष्म गोष्ट सतत समोर येते : गाणं तेच, पण मुद्रण बदललेलं. जुनं मुद्रण काढून त्या जागी नवं, जास्त दणकट केलेलं रिमास्टर, म्हणजे त्याच मुद्रणाची आवाज नव्यानं घडवलेली आवृत्ती, बसवलं जातं, यादीत नाव तेच दिसतं. रेकॉर्डवर लेबलाजवळच्या मोकळ्या पट्टीत हातानं कोरलेला किंवा ठोकलेला मॅट्रिक्स नंबर असतो. भिंगाखाली धरला की ही तबकडी कोणत्या कटिंगची, कुठल्या साच्यातली, हे बऱ्याचदा सांगता येतं, काही वेळा कापणाऱ्या इंजिनिअरची आद्याक्षरंही मिळतात. स्ट्रीमिंगवर पुष्कळदा साथीला कोण होतं एवढंही लिहिलेलं नसतं. ख्याल असो की सिंफनी, ज्या संगीतात ‘गायक आणि गाण्याचं नाव’ एवढ्यानं भागत नाही, त्याचे तर फार हाल होतात.

पैशांचा भाग तुम्हाला ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगते. तुमची वर्गणी बहुतेक ठिकाणी एका सामाईक गंगाजळीत जाते आणि एकूण ऐकण्यातल्या वाट्याप्रमाणे वाटली जाते. महिनाभर तुम्ही एकाच सारंगीवादकाला ऐकलंत, तरी तुमचे पैसे त्याच्याकडे जातात असं नाही. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात १००० पेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचं मानधन मिळतच नाही. उलट बँडकँपसारख्या, कलाकार जिथं थेट आपलं संगीत विकतात अशा ठिकाणी फाइल विकत घेतली तर ती जागा साधारण १५ टक्के ठेवून घेते आणि पैसे हस्तांतराचा खर्च वजा जाता उरलेलं कलाकाराकडे किंवा त्याच्या रेकॉर्ड कंपनीकडे जातं. कमी श्रोते असलेल्या, पण जीव ओतून काम करणाऱ्या कलाकारासाठी हा फरक फार मोठा आहे.

फाइलीची एक उणीव खरी आहे. ती जुन्या बाजारात विकता येत नाही. रिडिजी नावाच्या कंपनीनं वापरलेल्या फाइली विकण्याचा प्रयत्न केला, तेव्हा अमेरिकेच्या न्यायालयानं २०१३ मध्ये आणि अपिलात २०१८ मध्ये तो बेकायदा ठरवला : फाइल दुसऱ्याला देताना तिची नवी प्रत होतेच, आणि प्रतीची परवानगी खरेदीदाराला नाही. रेकॉर्डची किंवा सीडीची विक्री मात्र बिनधास्त करता येते. जुन्या मालाची दुकानं याच हक्कावर उभी आहेत. ती टिकतील असं मी म्हणते, त्यामागचं माझं मुख्य कारण हेच आहे.

तर तुमच्या खोक्याबद्दल. तो टाकू नका. ऐकणं स्ट्रीमिंगवर चालू द्या, पण जे अल्बम हरवले तर तुम्हाला खरोखर चुटपुट लागेल, त्यांची यादी करा. ते विकत मिळत असतील तर फ्लॅक या प्रकारात घ्या; त्यात आवाजातलं काही गाळलेलं नसतं, आणि एक अल्बम साधारण ३०० ते ४०० एमबीत मावतो. सीडी असेल तर तिच्यावरून फाइल करून घ्या. चांगला प्रोग्रॅम चकती वाचून झाल्यावर आलेला बेरीज-आकडा त्याच सीडीच्या इतर लोकांच्या आकड्यांशी ताडून बघतो. जुळला की समजायचं, एकही बिट चुकलेला नाही. मग दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी, कारण हार्ड डिस्कही मरते. सुरुवात घरी कॉपी केलेल्या सीडींपासून करा. कारखान्यात छापलेल्यांपेक्षा त्या लवकर खराब होतात. लॅपटॉपमधून सीडी ड्राइव्ह गेले असले तरी बाहेरून यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह अजून सहज मिळतो. तो आत्ताच घेऊन ठेवा.