आजीचं ‘मंग?’

तासाभरापूर्वी शेजारच्या काकूंची लेक येऊन गेली. उद्या तिची एम.ए.च्या प्रवेशाची मुलाखत आहे, ऑनलाइन. हातात वही, वहीत बावीस प्रश्न आणि त्यांची इंग्रजीत लिहून काढलेली उत्तरं. म्हणाली, “ताई, सगळं पाठ हाय, पण बोलायला गेलं की घसा कोरडा पडायलाय.” हात हातात घेतला तर गार पडलेला. मला माझा २०१६चा मे महिना आठवला.

तेव्हा आम्ही लातूरात एका खोलीत राहायचो. अण्णा आणि आई औसा तालुक्यात शेतावर; मी, धाकटा भाऊ आणि आमच्या पोळीभाजीसाठी आलेली आजी शहरात. मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून १४४ कलम लावलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा निम्मा अभ्यास मी घागरींच्या रांगेत बसून केला.

आणि त्याच मे महिन्यात पुण्यातल्या एका संस्थेत मला विचारलं गेलं, “तुम्ही लातूरच्या ना? तिथलं पाणी का संपलं?”

मला बोलताच आलं नाही. स्वतःची ओळख, बलस्थानं, पाच वर्षांनी कुठे असाल, हे सगळं इंग्रजीत घोकलेलं होतं. पाण्याचं उत्तर लिहिलेलं नव्हतं. मी डोक्यात वहीची पानं उलटत राहिले. समोरचे तिघं थांबले, मग पुढच्या प्रश्नाकडे वळले. डोक्यावर घागर घेऊन जिने चढणाऱ्या मुलीला पाणी का संपलं ते सांगता येऊ नये, याचं दुःख प्रवेश हुकल्यापेक्षा जास्त होतं.

ते का झालं, हे मला नंतर कळलं. शरीराला धोका वाटला की ते पळायच्या तयारीला लागतं. ठोके वाढतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून हात गार पडतात, तोंडाला कोरड पडते. हे अगदी हुशार माणसाचंही होतं. खरी अडचण डोक्यात होते. एका वेळी मनात धरून ठेवता येण्याजोगी जागा मुळात थोडी, आणि ‘आता काय होईल’ ही काळजीच ती अडवून बसते. शिकागो विद्यापीठातल्या रामिरेझ आणि बायलॉक या संशोधकांचा २०११ साली ‘सायन्स’मध्ये एक अभ्यास आला होता. परीक्षेच्या आधी दहा मिनिटं स्वतःची भीती कागदावर लिहून काढणाऱ्या मुलांनी पेपर जास्त चांगला सोडवला. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. माझ्याकडे आजी होती.

पुढच्या वर्षी देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. मी पुन्हा वही उघडली. आजी सुपात तूर निवडत होती. म्हणाली, “कुणाला घाबरायलीस एवढी? काय विचारणारेत ते मला सांग.” मी म्हटलं, शेतीबद्दल विचारतील. “मंग सांग की.”

त्या वर्षी तूर अमाप पिकली होती. हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये, आणि बाजारात त्याहून कितीतरी खाली. अण्णा खरेदी केंद्रावर पोत्यांपाशी दोन रात्री झोपून आले होते. मी सांगायला लागले, “आजी, आधीच्या वर्षी डाळ महाग झाली म्हणून सगळ्यांनी तूर पेरली.” “मंग?” “मंग पाऊसही झाला, पीक जोरात आलं.” “मंग?” “भाव पडला.” “मंग सरकारनं घ्यावी की.” “घेत होते, पण बारदाना संपला, भरायला पोतीच नाहीत.” आजीचे हात थांबले. “आन् बारदाना का संपला?” ते मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. आजी “बरं” म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली. तेवढंच. माहीत नाही म्हटल्यावर काही कोसळलं नाही.

मग आठवडाभर रोज रात्री तेच. पाणी का संपलं, हेही मी तिलाच सांगितलं: लागोपाठ दोन वर्षांचा कमी पाऊस, खोल खोल जाणाऱ्या बोअर, ऊस, कोरडं धरण. एका वर्षाने का होईना, ते उत्तर माझ्या तोंडून आलं. तिचा ‘मंग?’ आला की पुढचं वाक्य आपोआप सुचायचं, कारण ते पाठ केलेलं नव्हतं, पाहिलेलं होतं.

रात्रीच्या लातूर-मुंबई गाडीने अण्णा आणि मी निघालो. सीएसटीहून हार्बर लाइनने गोवंडी. संस्थेच्या आवारात अण्णा झाडाखाली बसले, डबा मांडीवर. नाव पुकारायच्या आधी हात गार पडलेच, ते पडतातच. मी श्वास घेतला त्याच्या दुप्पट वेळ सावकाश सोडला, पाच-सहा वेळा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, एवढा त्याचा उपयोग. दोन प्रश्न इंग्रजीत झाले. तिसऱ्याला मी विचारलं, “हिंदीत सांगितलं तर चालेल?” मॅडम म्हणाल्या, सांगा. आणि मी तूर सांगितली. एका प्रश्नाला “मला माहीत नाही” असंही म्हटलं, आजीला म्हटलं होतं तसंच. माझी निवड झाली. आजीला फोनवर सांगितलं तर तिने विचारलं, “मंग, जेवली का?”

आज शेजारच्या मुलीची वही मी बंद करून ठेवली. तिला म्हटलं, तुझ्या आईच्या बचत गटाबद्दल सांग. आधी ती अडखळली, मग हिशेबाच्या वह्यांवर आली, मग कर्ज कुणाला आधी मिळतं यावरून होणाऱ्या भांडणांवर. पंधरा मिनिटं बोलली. मी मधे मधे ‘मंग?’ म्हणत होते. एकदाही पाण्याचा ग्लास उचलला नाही तिने.

झोपायच्या आधी दहा मिनिटं भीती वाटते ते सगळं लिही आणि कागद तिथेच ठेव, एवढं सांगून पाठवली. उद्या अकराला मुलाखत आहे. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, त्यामुळे वीज गेली तरी अडायचं नाही. दहालाच ये म्हटलंय.