दोन ठिपक्यांमधलं कोकण

"आत्ता नोव्हेंबरात कशाला येताय? फेब्रुवारीत या, कासवाची पिल्लं बघायला." वेळासच्या काकूंनी फोनवर असं दोनदा तरी सांगितलं असेल. मी म्हटलं, ससाणे बघायला येतोय, आफ्रिकेला जाणारे.

"आफ्रिकेला जाणारा पक्षी वेळासला थांबायचा होय?"

प्रश्न अगदी रास्त होता. तरी निघालो. ताम्हिणी उतरून माणगाव, आंबेतला सावित्री ओलांडून म्हाप्रळ, मंडणगड आणि मग वेळास. रस्त्याबद्दल लिहीत नाही. ज्यांनी खाल्ला आहे त्यांना ठाऊक आहे.

हे खूळ डोक्यात शिरलं ते अमूर ससाण्यांच्या प्रवासाच्या एका नकाशामुळे. अमूर ससाणा हा दीडशे ग्रॅमच्या आसपासचा पक्षी. सायबेरिया, मंगोलिया, उत्तर चीन या भागात तो वीण करतो आणि हिवाळा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे काढतो. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँड आणि मणिपूरमध्ये लाखोंनी उतरतो, तिथे उडती वाळवी खाऊन अंगावर चरबी चढवतो. २०१२ मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयाकाठी जाळी लावून हे ससाणे हजारोंनी मारले जात असल्याचं जगासमोर आलं. पुढच्याच वर्षी पांगती आणि आसपासच्या गावांनी शिकार बंद केली. त्याच नोव्हेंबरात भारतीय वन्यजीव संस्थेने हंगेरीच्या तज्ज्ञांसोबत तिथल्या तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच ग्रॅमचे सौर टॅग, म्हणजे उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारी छोटी यंत्रं, बसवले. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. जिथे पकडून खात होते त्याच गावाचं नाव घेऊन पांगती आफ्रिकेला निघाली, हे मला फार आवडतं.

नागालँडहून आफ्रिकेकडची ही झेप साधारण ५६०० किलोमीटर, साडेपाच दिवसांच्या आसपास, मध्ये कुठेही न टेकता. त्यातले जवळजवळ ३००० किलोमीटर अरबी समुद्रावरून. म्हणजे या बाजूची शेवटची जमीन आपली, पश्चिम किनाऱ्याची.

टॅगने कळवलेल्या जागा नकाशावर ठिपके होऊन येतात; तो मोठा करून करून मी कोकणातला ठिपका शोधत बसलो होतो. एक ठिपका दख्खनवर, पुढचा थेट समुद्रात. मधे नुसती सरळ रेष. याचं कारण टॅगच्या पोटात आहे. एवढ्याशा यंत्राला मोठी बॅटरी परवडत नाही. म्हणून या प्रकारचा टॅग बहुधा दहा तास बोलतो आणि मग पुढचे अट्ठेचाळीस तास उन्हावर चार्ज होत गप्प राहतो. बोलतो तेव्हाही साडेआठशे किलोमीटरवरून जाणारा उपग्रह त्याला थेट 'बघत' नाही. कोकण रेल्वेची गाडी जवळ येताना शिट्टी चढी वाटते आणि लांब जाताना उतरते ना, तसा टॅगच्या रेडिओ लहरींच्या वारंवारितेत पडलेला फरक मोजून जागेचा हिशोब करतात. चूक काही किलोमीटरची होऊ शकते.

आता दुसरा हिशोब. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्रापर्यंत इथलं कोकण जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर रुंद. ससाणा ताशी चाळीस-पंचेचाळीसने गेला तरी तास-दीड तासाचं काम. अट्ठेचाळीस तासांच्या मौनात आख्खं कोकण कुठल्या कुठे निघून जातं. त्यामुळे आपल्या डोक्यावरून गेलेली रेष ही बरेचदा ससाण्याची नसतेच, पट्टीने जोडलेली असते. तिथे काय घडलं ते बघायचं तर माणसानेच जायला हवं.

वेळासला पहिल्या सकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, पाठीवर होता. म्हटलं, ससाण्यांना हाच हवा. पण तो उन्हं चढली की पडतो. त्यांना समुद्रपार नेणारे ते या दिवसांतले ईशान्येचे मोठे वारे. आकाशात मात्र फक्त घारी, आणि एक समुद्र गरुड.

या गरुडाचं वेळासवर मोठं ऋण आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे लोक त्याच्याच पाहणीसाठी या किनाऱ्यावर फिरत होते, तेव्हा त्यांना कासवांची अंडी पळवली जाताना दिसली आणि २००२ पासून इथे कासवांचं काम उभं राहिलं. काकूंच्या घराला 'होम-स्टे'ची पाटी लागली तीही त्यातूनच. पुढे जानेवारी २०२२ मध्ये याच वाळूत 'प्रथमा' नावाच्या ऑलिव्ह रिडले कासवाच्या पाठीवर टॅग चिकटवला गेला. ससाण्यांच्या आणि कासवांच्या दोन्ही कामांत वन्यजीव संस्थेचे डॉ. आर. सुरेश कुमार होते. कासव श्वासासाठी वर आलं तरच त्याचा टॅग बोलणार. म्हणजे तिथेही गाळलेल्या जागा आल्याच.

वेळासहून केळशी, आडे, पाडले करत आंजर्ले. कड्यावरच्या गणपतीला नमस्कार करून मागच्या जांभ्याच्या सड्यावर जाऊन बसलो. गवत पिवळं पडलेलं, त्यावर चतुरांचे थवेच्या थवे. हेही प्रवासीच. 'पँटाला' जातीचे चतुर याच मोसमात मालदीववरून आफ्रिकेकडे जातात असं जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. समुद्रावर ससाण्यांना वाटेत तोंडात टाकायला हेच चतुर मिळत असावेत, असा त्यांचा तर्क. शिदोरी स्वतःच उडत सोबत येतेय! खरं-खोटं समुद्र जाणे, पण मला पटतं.

ऊन उतरायला लागल्यावर पूर्वेकडून पाच-सहा लहान ससाणे आले. आधी खरुची वाटल्या, त्याही लहान ससाण्याच. पण खरुची हवेत एका जागी फडफडत थांबते, हे थांबत नव्हते. एक जण तिरका वळला तेव्हा गडद राखाडी अंगाखाली पंखांची पांढरीशुभ्र आतली बाजू चमकली. अमूरचा नर! पायात धरलेला चतुर उडता उडता वाकून खाल्ला, दोन गिरक्या घेतल्या आणि सगळे हर्णैच्या बाजूला सरकले. पाठीवर टॅग-बिग काही नव्हता. लाखो पक्ष्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके टॅग. तो माझ्या दुर्बिणीत यावा एवढं नशीब मी मागितलंही नव्हतं.

रात्री काकूंना फोन केला. म्हटलं, थांबले होते, पण आंजर्ल्याला. "मग आंजर्लेकरांचं जेवण बरं असेल," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

कुणाला जायचं असेल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जा. किनाऱ्यापेक्षा सडा बरा; चतुर जिथे जास्त तिथे संध्याकाळी बसा. दिसले तर ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना संख्येबरोबर वेळ, वारा आणि कुठल्या दिशेला गेले तेही लिहा. फोटो नसला तरी चालेल.