न्यू फॉरेस्टमधला हिरवा पतंग: ऑक्टोबरातली फेरी आणि पुढे जाणाऱ्यांसाठी माहिती

मर्वेय द्यू झूर (ग्रिपोसिया एप्रिलिना) हा पतंग सप्टेंबर आणि ऑक्टोबरात उडतो. इंग्लंडच्या दक्षिणेला तो बघायचा तर आमच्या मते न्यू फॉरेस्टसारखी जागा नाही. इथे जुने ओक भरपूर आहेत आणि त्यांच्या खोडांवर दगडफुलाचे, म्हणजे लायकेनचे, थरच्या थर आहेत. पतंगाच्या रंगाचं सगळं गणित या दगडफुलावर आहे. पण पतंग शोधायला खोडं बघत फिरू नका. दिवसभर माना मोडतील आणि हाती काही लागणार नाही. आधी फुललेली आयव्हीची वेल शोधा, पतंग रात्री तिथेच येतो.

लंडनच्या वॉटर्लूहून न्यू फॉरेस्टमधल्या ब्रोकनहर्स्टला थेट रेल्वेगाडी आहे. पुढे सायकल किंवा कार लागते, कारण रात्री परतताना बसच्या भरवशावर राहता येत नाही. कुंपण नसलेल्या रस्त्यांवर ताशी 40 मैलांची मर्यादा आहे, आणि ती पाळाच. अंधारात इथली मोकळी चरणारी घोडी रस्त्याच्या मधोमध उभी असते आणि दिवा पडला तरी हलत नाही. या दिवसांत डुकरंही जंगलात मोकळी सोडलेली असतात. पडलेले एकोर्न, म्हणजे ओकची फळं, घोड्यांना आणि गुरांना विषारी, ते डुकरांनी खाऊन टाकावेत म्हणून ही जुनी प्रथा चालू आहे.

दुपार टेहळणीसाठी ठेवा. आयव्हीला फुलं येतात ती जुन्या झालेल्या, झुडपासारख्या वाढलेल्या फांद्यांवरच. तिथली पानं पाच टोकांची नसतात, साधी लांबट गोल असतात. शिवाय वेलीला ऊन लागतं. मोकळ्या जंगलात हाताला येईल तेवढी आयव्ही घोड्यांनी आणि हरणांनी खाल्लेली असते, म्हणून जंगलाची कड, कुंपणं आणि गावाकडच्या गल्ल्या बघा. वेल सापडली की फूल जवळून बघा. पिवळट हिरव्या गोंड्यावर पुंकेसर ताठ उभे असतील आणि मधली चकती ओलसर चमकत असेल, तर मध चालू आहे. पुंकेसर गळून नुसते हिरवे मणी उरले असतील तर ती वेल सोडा. यापेक्षा सोपी खूण कानांना मिळते: उन्हात जिथे माश्या, गांधीलमाश्या आणि आयव्ही-मधमाश्या घोंघावतात, तीच वेल रात्रीही चालते. (ही आयव्ही-मधमाशी ब्रिटनच्या मुख्य भूमीवर 2001 साली पहिल्यांदा नोंदली गेली. आता दक्षिणेत ती सर्रास दिसते.)

ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, ते लक्षात ठेवा. अंधार पडल्यापासून पहिले दोन तास सर्वांत चांगले. ढगाळ आकाश, नैर्ऋत्येचा मंद वारा आणि 10 अंशांच्या वर तापमान असेल तर वेल भरलेली असते. आकाश निरभ्र, चांदणं आणि गारठा असेल तर सरळ झोपा. टॉर्चवर लाल कागद लावा आणि फांद्यांना धक्का देऊ नका. धक्का लागला की पतंग पाय आखडून खाली पडतात आणि पानांच्या ढिगात गेलेला सापडत नाही. आधी उजेडात डोळे चमकतात, मग अंग दिसतं. चेस्टनट, सॅटेलाइट आणि अँगल शेड्स या पतंगांच्या तपकिरी गर्दीत हा एकच हिरवा, म्हणून इथे ओळखायला कष्ट नाहीत. ब्रिंडल्ड ग्रीनशी गल्लत होते खरी, पण तो लहान, काळपट आणि मळकट दिसतो.

आयव्ही कमी असेल तर वाइनची दोरी लावा. 750 मिलीची स्वस्त लाल वाइन मंद आचेवर गरम करून त्यात 1 किलो साखर विरघळवा, उकळू देऊ नका. गार झाल्यावर मीटरभर लांबीचे जाड सुती दोर त्यात भिजवा. नायलॉनचा दोर काही शोषत नाही. दिवस मावळायच्या आधी ते फांद्यांवर टांगा, घोड्यांच्या तोंडाला लागणार नाहीत इतके उंच. खोडाला काकवी फासण्याची पद्धत इथे वापरू नका, चिकट थराखाली दगडफूल मरतं. दोऱ्या कोरड्या पडण्याचं कारण बहुतेक वेळा शेजारची फुललेली आयव्ही असतं: खरा मध समोर असताना दारूकडे कोण येईल? जंगलात दिवा किंवा आमिष लावायचं असेल तर ते सांभाळणाऱ्या फॉरेस्ट्री इंग्लंड या संस्थेची परवानगी आधी घ्या. मुक्कामाच्या बागेत यजमानांना विचारून दिव्याचा सापळा लावणं त्यापेक्षा सोपं.

सापळा उजाडताच उघडा. रॉबिन पक्ष्याला सापळ्याची जागा लवकर कळते आणि तो तुमच्या आधी हजर असतो. गारठलेला पतंग बोटावर शांत बसतो, तेव्हाच नीट बघून घ्या. पंख पसरले तर तो साडेचार-पाच सेंटिमीटर भरतो. पुढचे पंख फिकट पुदिनी हिरवे, त्यांवर पांढऱ्या कडांच्या तुटक काळ्या रेघा. पाठीवरचे केसही तसेच हिरवे-काळे. मागचे पंख करडे, पण बसताना ते पूर्ण झाकलेले असतात. काळ्या खुणा दगडफुलाच्या पाकळ्यांमधल्या सावलीसारख्या दिसतात आणि पंखांची कड तोडून टाकतात, त्यामुळे नजरेला पतंगाचा आकारच मिळत नाही. हाच पतंग बीच झाडाच्या गुळगुळीत खोडावर ठेवला तर दहा पावलांवरून दिसतो. फोटोला समोरून फ्लॅश मारू नका, हिरवा पांढरा पडतो. बाजूने मऊ उजेड द्या. पंख थरथरायला लागले की तो स्नायू तापवतो आहे आणि आता उडणार, असं समजा. सोडताना दाट झुडपात आत ठेवा.

पायमोज्यांत पँट खोचा आणि रात्री अंग तपासा. ऑक्टोबरातही गोचीड चावते आणि लाइम रोग होऊ शकतो.

मादी ओकवर अंडी घालते आणि हिवाळा अंड्यातच जातो. वसंतात कळ्या फुटताना अळी बाहेर येते, आधी कळी पोखरते आणि मोठी झाली की दिवसा सालीच्या भेगेत दडून रात्री पाल्यावर चढते. कोष ओकच्या मुळांशी जमिनीत असतो. म्हणून मे महिन्यात पुन्हा यायचं असेल तर संध्याकाळी खोडाच्या भेगा टॉर्चने तपासा: अळी करडी, पाठीवर काळसर चौकटी, साल सोडून वर निघालेली. जूनमध्ये मात्र याच जंगलात हिरवा-काळा पतंग दिसला तर तो मोमा अल्पियम, ही वेगळी जात. त्याच्या पुढच्या पंखाच्या मागच्या कडेला पांढरा डाग असतो, तेवढा बघून नोंद करा.