वेचणीच्या हिशेबाचं पान: वाढलेल्या ओळी सर्व्हरपर्यंत नेताना

आमच्याकडे कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते आणि चुकारा बाजाराच्या दिवशी. त्या हिशेबाचं पान एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्समध्ये (मायक्रोसॉफ्टचं वेब पानं बांधायचं तंत्र) बांधतोय. तंत्र जुनं आहे, डॉट नेट कोअर या त्याच्या नव्या अवतारात ते आलंच नाही. पण घरच्या जुन्या विंडोज मशीनवर नेटशिवाय चालतं, आणि वावराकडे रेंजचा काही भरवसा नाही.

तारीख आणि भाव या दोन खणांचं काम लवकर उरकलं. साध्या एचटीएमएल टॅगला आयडी दिला, रनॅट सर्व्हर (हा टॅग सर्व्हरलाही दिसू दे, अशी खूण) लिहिलं, की कोड-बिहाइंडमध्ये, म्हणजे पानामागच्या सर्व्हरच्या कोडमध्ये, तो त्याच आयडीने हाती लागतो.

खरी कसरत मजुरांच्या ओळींची. कधी सहा बाया असतात, कधी सोळा. 'ओळ वाढवा' दाबलं की जावास्क्रिप्ट नवी ओळ टाकते, आणि ती सर्व्हरच्या गावीही नसते. फाइंडकंट्रोल या शोधायच्या फंक्शनने कितीही शोधा, नलच (म्हणजे काहीच नाही) मिळतो. ब्राउझर मात्र नेम असलेला प्रत्येक खण पाठवतो. आयडीकडे तो बघतही नाही. म्हणून सगळ्या वजनांना एकच नेम दिलं. सर्व्हरवर आलेला फॉर्म वाचून देणारा रिक्वेस्ट डॉट फॉर्म ती स्वल्पविरामाने जोडून देतो: 14.5,22,18. ही माळ तोडत बसू नका. शेऱ्याच्या खणात कोणी 'दुपारून आली, उचल बाकी' लिहिलं की एकाचे दोन तुकडे होतात. त्याचंच गेटव्हॅल्यूज फंक्शन वापरा, सरळ अ‍ॅरे (सुट्या नोंदींची यादी) मिळते.

'उचल कापायची' या चेकबॉक्सचं त्रांगडं वेगळंच. टिक नसेल तर तो पाठवलाच जात नाही. वजनं पाच, टिका दोन. मग कोणाची उचल कापायची? उपाय असा: प्रत्येक ओळीत तिचा क्रमांक हिडन खणात ठेवला आणि चेकबॉक्सची व्हॅल्यूही तोच क्रमांक केली. मधली ओळ काढली तरी जोडी तुटत नाही. एकही टिक नसेल तर गेटव्हॅल्यूज नल देतो, तेवढं आधी तपासा.

आणखी एक. मास्टर पेजमधल्या (सगळ्या पानांच्या सामाईक साच्यातल्या) इनपुटला रनॅट सर्व्हर लावलं की त्याचं नेम डॉलरच्या खुणांसकट लांबलचक होतं. 2010 च्या 4.0 आवृत्तीत आलेलं क्लायंटआयडीमोड स्टॅटिक ही सेटिंग फक्त आयडी जागेवर ठेवते, नेम नाही. त्यामुळे माझी वाटणी ठरली: कायमचे खण सर्व्हरचे, वाढणाऱ्या ओळी साध्या.

एकूण रक्कम स्पॅन टॅगमध्ये दिसते, पण स्पॅनचा मजकूर फॉर्मबरोबर जात नाही. इनरटेक्स्टमध्ये (टॅगच्या आतल्या मजकुरात) सर्व्हरने स्वतः लिहिलेलंच परत मिळतं. बेरीज सर्व्हरवर पुन्हा करतो. पैशाचा मामला आहे, ब्राउझरच्या बेरजेवर कशाला सोडायचा?

आता उरलंय ते पोस्टबॅकनंतर (फॉर्म सर्व्हरला जाऊन पान परत आल्यावर) उडणाऱ्या ओळी परत उभ्या करणं. रिपीटर (सर्व्हरवरूनच ओळी उभारणारा कंट्रोल) लावावा की सगळ्या ओळी जेसन करून (एका मजकुरात बांधून) हिडन खणात ठेवाव्या? माझा कल जेसनकडे आहे. कोणी केलं असेल तर कळवा. सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) करून वेचणी सुरू व्हायच्या आत हे बसवायचंय.