तीन बिडाच्या प्लेटांचं स्क्रेपिंग: पहिली फेरी संपली, पीळ आढळला

तीन प्लेटा एकमेकींवर पारखत, हातातल्या पात्याने (स्क्रेपरने) उंच जागा खरवडून सपाट करायच्या आहेत; हेच स्क्रेपिंग. माप २०० × २०० मि.मी., जाडी ४०, वजन प्रत्येकी साडेअकरा किलोच्या आसपास. ओतकाम कोल्हापूरच्या फाउंड्रीतलं, एफजी २६० ग्रेडचं बीड (करडं ओतीव लोखंड). कडेला १, २, ३ असे नंबर ठोकलेत. खडबडीत मिलिंगनंतर भट्टीत ताण काढला: ५५० ते ६०० अंश सेल्सिअस, दर २५ मि.मी. जाडीला साधारण तासभर, आणि थंड होऊ द्यायचं भट्टीतच. हे टाळलं तर मेहनतीने सपाट केलेली प्लेट नंतर आपोआप वाकते. त्यानंतर हलका फिनिश कट.

पद्धत इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थची. यंत्रं बनवणाऱ्या हेन्री मॉडस्लेच्या लंडनच्या कारखान्यात काम केलेल्या या माणसाने १८४० साली ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेपुढे सपाट पृष्ठभागांवर निबंध वाचला. तोवर शेवटचा हात बहुधा एमरीने (कठीण घासभुकटीने) एकमेकांवर घासून फिरायचा. त्याचा आक्षेप साधा होता: एमरी कुठे जाईल यावर ताबा नसतो, उंच जागेबरोबर खोल जागाही खाल्ली जाते. स्क्रेपर टेकवाल तिथेच कापतो.

आता खरी अडचण. हाताशी एकही सपाट प्लेट नसताना सपाटपणा ठरवायचा कशावरून? दोन प्लेटा एकमेकींवर जुळवल्या की ब्ल्यू (एकीला फासलेला निळा रंग, टेकलेल्या जागी दुसरीवर उमटणारा) सगळीकडे छान उठतो, पण एक ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग) खोलगट आणि दुसरी तेवढीच फुगीर असली तरीही तो तसाच उठेल. म्हणून तिसरी लागते. पहिल्या फेरीत १ हा संदर्भ धरून २ आणि ३ तिच्यावर बसवल्या. १ ला स्क्रेपर लावायचाच नाही. त्यामुळे २ आणि ३ मध्ये एकच चूक उतरली. त्या एकमेकींवर ठेवल्या तर चूक दुप्पट दिसते: १ खोलगट असेल तर २ आणि ३ दोन्ही फुगीर, मध्यभागी टेकतात, कडांना १६ मायक्रॉनची फट. ती दोघींमधून निम्मी-निम्मी काढायची. एकीतूनच सगळी काढली तर फेरी फुकट.

ब्ल्यूच्या आधी हाताने तपासावं. वरच्या प्लेटचा कोपरा एका बोटाने आडवा ढकला. प्लेट मध्यावर भिंगरीसारखी फिरली तर मध्य उंच. टोकांवर अडून फिरली तर मध्य खोल. टोकापासून साधारण ३० टक्के लांबीवर बिजागरी (जिच्याभोवती प्लेट फिरते ती जागा) जाणवली की ठीक.

पहिल्या फेरीअखेर २ आणि ३ ची बिजागरी बरोबर, ब्ल्यू एकसारखा, २५ मि.मी.च्या चौकोनात सुमारे १२ पॉइंट (टेकणारे ठिपके). मग वरची प्लेट ९० अंशांत फिरवली आणि कर्णावरच्या दोन कोपऱ्यांनाच ब्ल्यू लागला, बाकीचे दोन कोरडे. हा पीळ, म्हणजे कर्णावरचे दोन कोपरे उंच आणि दुसरे दोन खाली. एकाच दिशेने पिळलेल्या तिन्ही प्लेटा नेहमीच्या स्थितीत एकमेकींवर निमूट बसतात, त्यामुळे तीन प्लेटांची पद्धत इथे एकटी पुरत नाही. फिरवणं हवंच, आणि म्हणूनच प्लेटा चौरस घ्याव्यात. आयताकृती घेऊन पैसे वाचवणं इथे महागात पडतं.

पीळ मोजायची सोय मात्र फुकट मिळते. फिरवलेली प्लेट कोरड्या कोपऱ्यावर डुलते. तिथे मायक्रॉनचा डायल (हालचाल मोजणारं घड्याळ) लावा. दोन्ही प्लेटा सारख्याच पिळलेल्या असतील तर डायलचा पूर्ण प्रवास हा एका प्लेटच्या कोपऱ्याच्या चुकीच्या आठपट येतो. इथे १६ मायक्रॉन आला, म्हणजे कोपरा २ मायक्रॉनने चुकलेला. ब्ल्यू लागलेले कोपरे दोन्ही प्लेटांवर उंच आहेत, तेव्हा दोन्हींवर सारखाच, अगदी हलका हात.

स्क्रेपरला ब्रेझ केलेलं कार्बाइडचं पान, धारेला सुमारे ५ अंश निगेटिव्ह रेक (धार रुतू नये असा उलटा कोन), गोलाई खडबडीत कामाला १२० मि.मी., शेवटाला ६०. धार डायमंड लॅपवर (हिऱ्याच्या कणांच्या चकतीवर) वरचेवर लावावी. बोथट पान कापत नाही, चोळतं, आणि चकचकीत पट्टे उठतात. प्रत्येक पासची दिशा आधीच्या पासला आडवी ठेवा, नाहीतर लाटा पडतात. पासनंतर दगड फिरवून बर (कापताना उठलेली धातूची कड) काढायची, पुसायचं, मगच ब्ल्यू. बर राहिली की तीच पॉइंट म्हणून मिरवते.

प्रशियन ब्ल्यू रबर रोलरने जितका पातळ पसरेल तितका बरा. जाड थर खोल जागांनाही रंगवतो आणि काम संपल्याचा भास होतो. जुने फिटर तेलात कालवलेला शेंदूर वापरत. दिसतो उत्तम, पण त्यात शिसं असतं. निदान उघड्या हाताने नको.

उष्णतेचा हिशेब अनेकजण सोडून देतात. या मापाच्या प्लेटचा वरचा भाग खालच्यापेक्षा १ अंशाने गरम असला तर ती १.४ मायक्रॉन फुगते. म्हणजे तळहात टेकवून ठेवला की मोजमाप गेलं. स्क्रेपिंगनंतर थोडा वेळ जाऊ द्यावा, खिडकीतलं ऊन टाळावं, आणि प्लेट नेहमी त्याच तीन पायांवर ठेवावी. चार पायांवर ती टेबलाचा पीळ घेते.

पुढची फेरी: २ संदर्भ, तिच्यावर १ बसवायची, मग १ आणि ३ समोरासमोर, चूक निम्मी-निम्मी. त्यापुढे ३ संदर्भ. प्रत्येक जोडी ९० अंशांत फिरवूनही पाहायची. २५ मि.मी. चौकोनात २० पॉइंट आणि डायलचा प्रवास ४ मायक्रॉनच्या आत आला की थांबायचं.